परसातली अंडी

गरोदर सुनेला लेओनीझ दुकानातली अंडी खाऊ देत नसे. "बोटीनं आलेली, नुसती औषधं असतात त्यात," म्हणत ती परसातल्या कोंबड्यांची ताजी अंडी रोज मिलेनच्या हातात ठेवायची.

आज मातीच्या तपासणीचा निकाल आला. मार्तिनिक बेटावरच्या त्या परसात पूर्वी केळीची बाग होती. तेव्हा बुंध्यांशी टाकलेलं कीटकनाशक अजून मातीत होतं, आणि तिथंच चरणाऱ्या कोंबड्यांच्या अंड्यांत थोडं थोडं उतरत होतं.

"माझ्या हातानं विष चारलं गं तुला," लेओनीझ रडू लागली.

मिलेनची मान खाली. "नाही आई. मला वासच सहन व्हायचा नाही. मी एकही खाल्लं नाही."

"मग गेली कुठं?"



कुंपणापलीकडे शेजारची ग्लाडिस नेहमीसारखी रिकामी वाटी घेऊन उभी होती. तिलाही आठवा लागला होता.