पहिल्या बाकावरचा माणूस

पहिल्या बाकावरचा माणूस पुन्हा झोपला होता.

व्यासराज पाळकांनी आवाज चढवला. उपदेश त्यांनी मंगळवारपासून घडवत आणला होता. एकच विचार, एकच दाखला, वाक्यं छोटी. तांबरमच्या त्या लहानशा चर्चमध्ये लोक श्वास रोखून ऐकत होते. आणि नेमका समोरचा गृहस्थ छातीवर मान टाकून घोरत होता.

हा नववा रविवार. वेंकोबा त्याचं नाव, रेल्वेत कारकून. ख्रिस्तीसुद्धा नव्हता, कपाळाला गंध लावून यायचा. व्यासराजांनी त्याला दोनदा बाजूला घेऊन सांगितलं होतं, "झोपच काढायची तर मागं बसा."

"मागं नीट ऐकू येत नाही, अय्या," म्हणाला, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तिथंच.

थट्टाच ही! व्यासराजांच्या अंगाची लाही होत होती. उपदेश कशासाठी करायचा? झोपलेल्याला जागं करायला. वीस वर्षं ते तरुण उपदेशकांना हेच शिकवत आले होते. ते तरुणही आज मागं बसून हे पाहत होते.

त्यांनी व्यासपीठावर मूठ आपटली. वेंकोबा ढिम्म. मग ते तरातरा खाली उतरले आणि त्याचा खांदा धरून गदागदा हलवला.

"उठा! ही धर्मशाळा नाही. पुन्हा या दारात पाऊल टाकू नका!"

वेंकोबा भांबावून उभा राहिला. सगळ्यांसमोर हात जोडले आणि चालता झाला. उरलेला उपदेश व्यासराजांनी त्याच संतापात केला. इतका रंगला की दोन म्हाताऱ्या रडल्या.

सोमवारी संध्याकाळी एक बाई त्यांच्या दारात आली. कपाळावर ठसठशीत कुंकू.

"मी कनका. वेंकोबांची बायको."

"माफी मागायची तर त्यांनी स्वतः यावं."

"ते कसे येतील? तुम्हीच नको म्हणालात."

"मग तुम्ही का आलात, बाई? नऊ रविवार माझा अपमान केला, तो पुरला नाही?"



"पोंगलच्या सणाला किनाऱ्यावरच्या गर्दीत आमची लेक चंद्रिका समुद्रात गेली. त्यांच्या हातातून तिचा हात सुटला. तेव्हापासून घरात त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नाही. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, नवस झाले." तिनं हात जोडले. "आठवड्यातून तेवढंच झोपतात, अय्या. तुम्ही बोलत असता तेव्हा."