मंगळवारचं पाणी

"जुनं पाणी गटारात ओतू नकोस, मित्सुए. देवापुढून उचललेलं असतं ते. झाडाला घाल." शेजारच्या किनुयोनं हे सांगितलं तेव्हा मित्सुए या गल्लीत नवी सून होती.

आज मंगळवारी, सकाळी दहा वाजता, तिच्या डोळ्यांदेखत एका उंच पाहुण्यानं देवळीतल्या, पोरांना जपणाऱ्या दगडी जिझोपुढची वाटी उचलली आणि गटारात उपडी केली. पाणी ताजंच होतं. सहाला मित्सुएनं स्वतः ठेवलेलं. पाहुण्याच्या बायकोनं फोटो काढला. गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या गाइड मुलीनं हलकेच टाळ्या वाजवल्या आणि वाटी पुन्हा भरायला त्याच्या हातात पाण्याची बाटली दिली.

मित्सुएला पाहून पाहुण्यानं कमरेत वाकून नमस्कार केला, अगदी मनापासून. तिनंही केला. त्या माणसावर तिला रागावता येईना, म्हणून सगळा राग एकाच जागी गोळा झाला.

तो ज्याच्यावर काढायचा तो किनुयोचा मुलगा, यासुहारु, दाराच्या कुलपाचे आकडे बदलत बसला होता. आईला वृद्धाश्रमात ठेवल्यापासून तिचं घर तो ॲपवरून रोजाच्या भाड्यानं देत होता.

"यासुहारु, हे काय चाललंय?"

"काकू, तुमच्याच मदतीसाठी केलंय." त्यानं उठून मोबाइल पुढे धरला. पडद्यावर त्यांचा जिझो होता, लाल लाळेऱ्यातला. खाली लिहिलं होतं: 'गल्लीतल्या देवाची सेवा. अस्सल अनुभव. नाश्त्यासह.'

त्याच्याही खाली लोकांची मतं. समोरच्या केशकर्तनालयातून ओगुरी कात्री घेऊनच बाहेर आला होता. त्यानं चष्मा कपाळावर सरकवून मोठ्यानं वाचलं, "'चार स्टार. देव अपेक्षेपेक्षा लहान आहे.' वा. पाचवा स्टार हवा तर देवानं आता उंची वाढवावी."

"ओगुरीकाका, लोकांना आवडतंय हे. कुणाचं काय बिघडतं?"

"काहीच नाही रे. उद्या माझ्याकडेही पाठव त्यांना. हातात कात्री देतो, खुर्चीत बसणारं डोकं तेवढं तुझं."

यासुहारु हसला नाही. "हे बघा, देवाच्या सेवेला सात घरांचे सात वार होते. आता तुम्ही दोघंच उरलात. हात कमी पडतात म्हणून मी हात आणून दिले. आपल्याकडचं आपण वापरायचं, दुसऱ्यालाही वापरू द्यायचं. वाटून घेणं ही तर आपल्या गल्लीचीच रीत ना?"

मित्सुएचा आवाज कधी चढत नसे. आताही चढला नाही.

"माझ्या बाळंतपणात तुझ्या आईनं चाळीस दिवस माझा वार केला. बर्फ पडत होतं. तिनं किती स्टार मागितले?"

यासुहारुनं मोबाइल खिशात टाकला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. लहानपणी चोरी पकडली की व्हायच्या तशाच.

"देवळी माझ्या भिंतीत आहे, काकू. भिंत माझी आहे."

"भिंत तुझीच. आणि देव?"

"देव... देव सगळ्यांचा."

"बरं." तिनं मान हलवली. "परवा रविवारी तुझ्या आईला भेटले. तिनं विचारलं, माझा वार कधी गं? मी म्हटलं, मंगळवारी. शब्द दिलाय मी."

"आईला आता काही आठवत नाही. माझं नावसुद्धा."

"वार आठवतो."

तिनं हातातला झाडू बाजूला ठेवला, हात धुतले आणि देवळीपुढे बसली. हात जोडून तिनं ओठांतल्या ओठांत सांगितलं ते देवालाच ऐकू गेलं. मग दोन्ही काखांत हात घालावेत तसे हात घालून तिनं जिझोला उचललं. दोन वर्षांच्या पोराएवढं वजन. ओगुरीनं कात्री दातांत धरली आणि खालून आधार दिला.

"काकू, अहो," यासुहारु पुढे झाला.

"सगळ्यांचा म्हणालास ना," कात्री काढून ओगुरी म्हणाला. "त्या सगळ्यांत तुझी आई येते की नाही?"

यासुहारु होता तिथेच थांबला.

मित्सुएची बाजाराची चाकांची गाडी दारातच होती. तिनं आत घडी घातलेली गोधडी अंथरली, देवाला बसवलं, आणि एक बाटली आपल्या घरच्या नळावर भरून त्याच्या शेजारी उभी केली.

ओळखपत्रवाली मुलगी मागे मागे आली. तिचा चेहरा रडवेला झाला होता. "आजी, अकराला दुसरे पाहुणे येणार आहेत. त्यांना काय सांगू?"

मित्सुएनं तिच्याकडे नीट पाहिलं. नातीच्या वयाची असावी.

"सांग, आज दुसऱ्या घरचा वार आहे."

वृद्धाश्रम नदीपलीकडे होता. बसला पायऱ्या होत्या, म्हणून ती चालतच निघाली. गल्लीच्या तोंडाशी, फरशी उखडली होती तिथे, तिनं गाडी थांबवली, एक हात देवाच्या छातीशी धरला आणि पुढची चाकं अलगद रस्त्यावर उतरवली.