पृथ्वीप्रदक्षिणा, दोन तिकिटं

“आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे,” फोन अकराव्यांदा म्हणाला आणि तीच बासरी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. पावणेपाच. सहा वाजता सव्वीस वर्षांच्या विमानप्रवासाचे पॉइंट्स मातीमोल होणार होते.

बंदरांवरच्या क्रेन दुरुस्त करण्यात त्यांची सगळी हयात गेली. कुठे क्रेन अडकली की कंपनी त्यांना मिळेल त्या विमानात बसवायची. तिकीट कंपनीचं, पॉइंट्स त्यांचे. निवृत्त झाल्यावर पाहिलं, तर दोघांची अख्खी पृथ्वीप्रदक्षिणा होऊन वर थोडे उरतील एवढे साठले होते. आणि आता विमान कंपनी ती योजनाच गुंडाळत होती. आज शेवटचा दिवस.

“अहो, गोळी घेतलीत का?” बायकोने विचारलं. जेवणाच्या टेबलावर जगाचा नकाशा पसरून ती त्याच्या कडा सपाट करत होती.

“घेतली.”

घेतली नव्हती. त्यांच्या तळहाताला घाम सुटला होता.

तिने तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, पण विमानात ती एकदाही बसली नव्हती. “मी तुम्हाला सगळं जग दाखवते, आणि माझं जग बसच्या शेवटच्या थांब्यावर संपतं,” असं ती वर्गात म्हणायची तेव्हा मुलं खो खो हसायची. आता खरंच निघायची वेळ आली आणि गेले काही आठवडे ती गप्प गप्प होती. पासपोर्टच्या फोटोसाठी नेलं तेव्हा वाटेत एक अक्षर बोलली नव्हती. ऐन वेळी ती कच खाणार, ही धास्ती त्यांच्या मनातून जात नव्हती.

चार महिने खपून त्यांनी आखणी केली होती. नियम विचित्र होते. एकाच दिशेने जायचं, मागे फिरायचं नाही, दोन्ही महासागर ओलांडायचे आणि निघालो तिथेच परत यायचं. “संसारासारखंच की,” नियम वाचून ती म्हणाली होती. त्यांनी सात शहरं निवडली. जिथे कधी कामाला जावं लागलं नाही अशीच. जुन्या जागा पुन्हा कशाला, असं त्यांचं म्हणणं.

बासरी थांबली. एका मुलीचा आवाज आला. त्यांनी फोनचा स्पीकर लावला आणि कागदावरून एकेक टप्पा वाचून दाखवला. ती ‘मिळालं, सर’ म्हणेल तशी बायको नकाशावर पेन्सिलीने रेघ ओढत गेली. सहा टप्पे झाले, सातवाही झाला. सव्वापाच वाजले होते.

“घरी परतण्याच्या थेट विमानात जागा नाही, सर.”

“एखादा दिवस पुढेमागे बघा.”

“महिनाभर नाही. पण एक वाट आहे. मध्ये एक थांबा घेऊन येता येईल.” तिने एका बंदराच्या शहराचं नाव घेतलं. “तिथून तुमच्याकडे रोज विमान असतं.”

“ते नको,” ते म्हणाले. “दुसरं काहीतरी बघा.”

“दुसरं नाही, सर. आणि सहाला आमची यंत्रणा बंद होईल.”

बायकोने पेन्सिल खाली ठेवली. “तिथे तर तुम्ही सगळ्यात जास्त वेळा गेलात ना?”

“म्हणून तर सांगतोय. गंज, कोळशाची धूळ आणि उकाडा. बघण्यासारखं काही नाही.”

“मग धूळ बघू.”

“तुला सोसणार नाही ती हवा.”

“मला काय धाड भरलीय? घाम तर तुम्हाला फुटलाय.” ती फोनकडे वाकली. “ताई, तिथे आम्हाला चार दिवस उतरता येईल?”

“येईल, मॅडम. आठ तारखेला पोहोचाल.”

“आठ नको. वीसनंतरचं बघा. तोवर परीक्षा संपतात.”

“आपल्याला कसल्या परीक्षा?” ते म्हणाले.

“सवय,” ती म्हणाली. “मास्तरणीची.”

फोनमधून कळफलक वाजत राहिला. त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच ठेवला. सगळं रद्द करू, असं म्हणावंसं त्यांना वाटलं. पण कारण काय सांगायचं? आयुष्यभर गावाबाहेर न पडलेली ही बाई पहिल्यांदा काहीतरी मागत होती.

“एकवीसला पोहोचाल, पंचवीसला निघाल,” फोनवरची मुलगी म्हणाली. “पक्कं करू, सर?”

साडेपाच वाजून गेले होते. बायको त्यांच्याकडे बघत होती. रागाने नाही. उत्तर माहीत असलेल्या मुलाला फळ्यासमोर उभं करून वाट बघावी, तशी.

“करा,” ते म्हणाले.

“झालं, सर. दोन तिकिटं. थोडे पॉइंट्स उरतायत. शेवटच्या टप्प्यावर पुढच्या मोठ्या खुर्च्या देऊ?”

“द्या,” त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. “त्याच द्या.”

“नको, ताई,” बायको म्हणाली. “त्या पॉइंट्सवर त्याच विमानात आणखी एक तिकीट बसेल का? त्या शहरापासून इथपर्यंत. जायचं नको, फक्त यायचं.”

“बसेल, मॅडम. प्रवासी कोण?”

“मुलगी. पंधरा पूर्ण.” तिने जन्मतारीख सांगितली. कुठल्या कागदाकडे पाहावं लागलं नाही.

ते हळूहळू खुर्चीत बसले.

“पूर्ण नाव सांगा, मॅडम. पासपोर्टवर असेल तसं.”

बायकोने मुलीचं नाव सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून. मग म्हणाली, “वडिलांचं नाव आणि आडनाव वेगळं सांगत नाही. पहिल्या तिकिटावर आहे, तेच घाला.”