चालून दाखव

"इथं दुखतं?"

"व्हय."

"आणि इथं?"

"लय."

सारिकानं कोमलची टाच धरून पाऊल पुढे ओढलं, आत वळवलं, बाहेर वळवलं. घोटा शाबूत होता. सूज नाही, ढिलाई नाही. जिथं जीव जायला हवा तिथं दाबलं तर पोरगी छताकडं बघत राहिली, आणि जिथं काहीच नसतं तिथं तिनं ओठ चावला.

लोणावळ्याच्या बाजारात फिजिओथेरपीचा दवाखाना टाकून सारिकाला नऊ वर्षं झाली होती. खोटी दुखणी तिला नवी नव्हती. कारखान्यातली माणसं सुट्टीसाठी लंगडायची, शाळेतली पोरं पीटीच्या तासापुरती.

पडद्याच्या पलीकडं कोमलचा बाप दत्तोबा बसला होता. पवनानगरहून जीपनं पोरीला घेऊन आला होता. तिथूनच म्हणाला, "मॅडम, रविवारपतोर चालाया लागंल ना? पाव्हणं यायच्यात बगायला."

"बघते, आबा."

सारिकानं आवाज खाली घेतला. "कबड्डी खेळताना मुरगळला म्हणतेस?"

"व्हय. सोमवारी."

"पायाला काही झालेलं नाही तुझ्या."

कोमल रडली नाही. हातही जोडले नाहीत. "ठावं हाय," म्हणाली. "दोन म्हयन्यांनी पोलीस भरतीचं मैदान हाय माजं. तोंडानं न्हाई म्हणून बगितलं. ते काय कुनाला ऐकू येत न्हाई. आता ह्यो पायच उरलाय."

"मुलगा कोण?"

"कुसगावचा. निलेश. हाटेल हाय त्यांचं. लय शांत हाय म्हणं."

"तुला कोण म्हणालं शांत आहे?"

"सगळीच म्हणत्यात."

सारिका कपाटाकडं वळली. निळ्या पट्टीचा रोल समोरच्याच फळीवर होता, तरी तिला तो सापडायला वेळ लागला.

"लंगड्या पोरीला कोन करून घेतंय," कोमल मागून म्हणाली. "तुमी फकस्त आबांना सांगा, मोडलंय काय तरी."

"मोडलं म्हटलं की ते एक्स-रे काढायला पळवतील तुला. लिगामेंट फाटलंय म्हणू. ते एक्स-रेत दिसत नाही."

तिनं पाय स्पिरिटनं पुसला. पट्टीचे तुकडे कापले, टोकं गोल केली, म्हणजे कपड्याला अडकून सुटत नाहीत. पहिला तुकडा टाचेखालून दोन्ही बाजूंनी वर घेतला, दुसरा पावलावरून आडवा. एरवी ती पट्टी मोजून ताणायची. आज ताण दिलाच नाही. या पट्टीला काही धरून ठेवायचं नव्हतं, नुसतं दिसायचं होतं. साडीच्या खालून, लांबून, कुणालाही. मग तळव्यानं घासघासून तिनं ती पक्की केली.

"आता चाल."

कोमल लंगडली.

"हे नाटकातलं झालं. दुखरा पाय जमिनीवर कमी वेळ टेकतो. चटकन उचल. पाऊल छोटं टाक. आणि लोकांच्या तोंडाकडं बघू नकोस. ज्याला दुखतं तो माणूस जमिनीकडं बघून चालतो."

कोमल चालली. पुन्हा चालली. चौथ्या खेपेला जमलं.

"त्यांच्यात कोनी जाणकार निघालं तर?"

"निघू दे."

सारिकाला अजून एक सांगायचं होतं. तिनं कात्री पुसली आणि खणात ठेवली.

दत्तोबानं सगळं ऐकून घेतलं. लिगामेंट, आराम, भार टाकायचा नाही. मग म्हणाला, "रविवारी तासाभरापुरती पट्टी काडली तर?"

"पोरगी पाव्हण्यांसमोर पडेल."



रविवारी अकराच्या सुमारास दत्तोबाच्या ओसरीत सतरंजीवर पाहुणे बसले. निलेश इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, मान खाली. कोमल चहाचा ट्रे घेऊन आली. छोटं पाऊल, चटकन उचललेला पाय, नजर जमिनीवर. निळी पट्टी सगळ्यांनी पाहिली.

"ही मुलाची आई, लीलाबाई," मध्यस्थ सांगत होता. "आणि ही थोरली बहीण. दिलीय लोणावळ्यात."

कोमलनं नजर वर केली. ट्रेमधल्या कपबशा वाजल्या.

आईच्या शेजारी सारिका बसली होती.

"आरं, ह्या तर आपल्याच मॅडम," दत्तोबा हसला. चार दिवसांत पहिल्यांदा हसला. "घरचंच मानूस निघालं म्हणायचं."

"पायाला काय झालं गं?" लीलाबाईच्या जावेनं विचारलं. "जरा चालून दाखव बरं."

कोमल भिंतीपर्यंत गेली आणि परत आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. निलेशला कुणी चालायला सांगितलं नाही. मुलांना कधीच कुणी सांगत नाही.

"मॅडम, आता तुमीच सांगा," दत्तोबा म्हणाला. "तुमीच बांदलीया पट्टी. बरा व्हनार ना पाय?"

"सांग की ताई," निलेश हळू आवाजात म्हणाला. फार गोड बोलायचा तो.

कोमल उभीच होती. रिकामा ट्रे छातीशी धरला होता.

"नाही होणार," सारिका म्हणाली. "हा पाय जन्मभर दगा देणार. जिना नको, ओझं नको. आपल्या घरात ही मुलगी टिकायची नाही."

दत्तोबाच्या हातातली बशी तशीच राहिली.

"माजी लेक डाक्टर हाय," लीलाबाई म्हणाली. "ती म्हणती म्हंजी न्हाईच टिकायची." मग डाव्या हातानं तिनं पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला, कारण शुक्रवारी निलेशनं पिरगाळलेल्या उजव्या खांद्यावर सारिकानं सकाळी निघताना लावलेली पट्टी गळ्यापाशी दिसायला लागली होती.