घट्ट बांधलेल्या सायकली

तिसऱ्यांदा मोटारहोम रस्त्याच्या कडेला उभी राहिली, तेव्हा बायकोने मनगटावरचं घड्याळ नवऱ्याच्या नाकासमोर धरलं. दोन वाजून गेले होते.

"पट्टे तपासतो आणि आलोच," म्हणत ते उतरलेसुद्धा.

ते लिफ्ट-तपासनीस. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, पण ते फक्त कागदावर. तीस वर्षं लोकांच्या जिवाची काळजी वाहिलेला माणूस दोन इलेक्ट्रिक सायकली मागच्या रॅकवर नुसत्या अडकवून निघेल कसा? रॅक किती वजन पेलतो ते त्यांनी आधी पाहिलं. बॅटऱ्या कालच काढून गाडीतल्या कपाटात चादरीत गुंडाळून ठेवल्या होत्या, म्हणजे सकाळी मुक्कामाच्या कॅम्पमधल्या सामायिक शेडमधून नुसते सांगाडे उचलायचे, कंबरही वाचते. मग एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. हँडल घासू नये म्हणून मध्ये फोम. चाकांना पट्टे, दांड्यांना पट्टे, आणि वर आणखी एक, असू दे म्हणून. मागची नंबरपाटी झाकली जात होती, तर रॅकवर वेगळी पाटी आणि वेगळे दिवे. माझ्या बाळंतपणातही एवढी धावपळ केली नव्हती तुम्ही, असं बायको म्हणाली, आणि ते खरंच होतं.

तिची घाईही खरी होती. तळ्याकाठी तिची थोरली बहीण वाट पाहत होती आणि चारच्या बसने ती जाणार होती. मग दोन वर्षं भेट नाही. लहानपणी थोरलीने तिला सायकल शिकवायला घेतली आणि पहिल्याच वळणावर ही गटारात गेली. त्या दिवसापासून सायकलचं नाव निघालं की थोरली गटाराची खुशाली विचारायची. पन्नास वर्षं विचारत होती. मागच्या महिन्यात, एकसष्टाव्या वर्षी, बायको कोणाला न सांगता सायकल शिकली. गुडघ्यांना साधी सायकल झेपेना, म्हणून काल कॅम्पशेजारच्या दुकानातून या दोन हिरव्या घेतल्या. तळ्याला एकच फेरी, थोरलीच्या डोळ्यांदेखत. एवढंच तिला हवं होतं, आणि नुसत्या विचारानेच तिला हसू फुटत होतं.

तपासनीस परत आले. सायकली सुतभरही हललेल्या नव्हत्या.

"आता थांबायचं नाही," बायको म्हणाली. "शब्द द्या."

त्यांनी दिला.

दहा मिनिटांनी मागे एक पिवळी मोटार आली. ती दिवे मारू लागली, मग हॉर्न. तपासनिसांचा पाय ब्रेककडे गेला, पण बायकोने शब्दाची आठवण करून दिली आणि मागच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर बोट ठेवलं. सायकली खिळे ठोकल्यासारख्या उभ्या होत्या. त्यांनी मोटारीला पुढे जायची खूण केली, तर ती जाईना. चालकाने खिडकीतून हात बाहेर काढून दोन बोटं नाचवली.

"दोन्ही आवडल्या वाटतं त्याला," बायको म्हणाली आणि तिनेही हात बाहेर काढून हलवला. त्यावर त्याने आणखी जोरात दोन बोटं नाचवली. माणूस उत्साही दिसतो, असं दोघांचं मत पडलं.

पुढे रेल्वेचं फाटक लागलं. मोटारहोम पार झाली आणि मागे फाटक पडलं. पिवळी मोटार पलीकडेच अडकली. बायकोला त्या बिचाऱ्याची दया आली.

सव्वातीनला ते तळ्याकाठी पोचले. थोरली बॅग शेजारी ठेवून बाकावर बसली होती. हिरव्या सायकली उतरताना पाहून ती उठून उभी राहिली, पण बोलणं सोडलं नाही. इथे गटार नाही, तळंच आहे, जरा जपून, असं तिने सांगून ठेवलं.

तपासनिसांनी बॅटऱ्या चादरीतून सोडवल्या आणि खाचेत बसवल्या. किल्ली फिरेना. दुसरी किल्ली लावली. तीही फिरेना. बॅटऱ्यांची अदलाबदल झाली, किल्ल्यांची झाली, कुलपात तेलही घालून झालं.

"काल याच किल्ल्यांनी काढल्या होत्या हो मी," ते रडवेल्या आवाजात म्हणाले. आयुष्यात त्यांनी तपासलेली एकही लिफ्ट अशी अडली नव्हती.

पावणेचार झाले. थोरलीने बॅग उचलली. जाऊ दे, पुढच्या वेळी, असं ती म्हणाली, आणि तिने ते प्रेमाने म्हटल्यामुळे बायकोला जास्तच वाईट वाटलं. पुढची वेळ म्हणजे दोन वर्षं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिने लपवलंही नाही.

तेवढ्यात धूळ उडवत पिवळी मोटार आली आणि मोटारहोमला खेटून थांबली. चालक उतरला. त्याच्या दोन्ही काखांत एकेक बॅटरी होती आणि बोटात किल्ल्यांचा जुडगा.

"या माझ्याकडेच राहिल्या होत्या," तो धापा टाकत म्हणाला. "म्हटलं, शेडमधून माझ्या सायकली तुम्ही नेल्याच आहेत, तर त्यांच्या बॅटऱ्याही देऊन येऊ."