शेऱ्याचा रकाना

नोंदवहीत आजच्या तारखेपुढे बारा लिहिलं होतं. शाई अजून वाळली नव्हती. उपासनाने मान वर करून पुन्हा एकदा मोजलं. टेबलाभोवती कॉफी घेत उभे असलेले, एल्वुड धरून, दहा, आणि पलीकडे झग्याची घडी घालणाऱ्या पाद्रीबाई. अकराच.

तिने पान उलटलं. मागच्या रविवारी बारा. त्याच्या मागच्या रविवारीही बारा. असे सात रविवार. बरोबर तितकेच रविवार ती वेस्ट विंडसरमधल्या लॅबकडून या खाडीकाठच्या चर्चमध्ये विटांच्या भिंतींतली ओल मोजायला येत होती. त्याआधी सगळीकडे अकरा.

"मिस्टर एल्वुड, हा बारावा कोण?"

एल्वुड ऐंशीचे. आयुष्यभर खाडीतली कालवं काढली, आता इथली हजेरी लिहीत. त्यांनी कपातून डोळे वर काढले नाहीत.

"तू."

"पण मी प्रार्थनेला येत नाही. मी बौद्ध आहे. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तुम्हाला."

"सांगितलं होतंस. मी डोकी मोजतो. डोक्यात काय आहे ते मोजायला मला कुणी सांगितलेलं नाही." मग ते म्हणाले, "शुक्रवारी आकडे बिशपच्या ऑफिसात जातात. शेवटच्या सात रविवारांची सरासरी बाराच्या खाली गेली तर नाताळनंतर हे दार उघडायचं नाही."

भरतीची वेळ सांगावी तसं त्यांनी हे सांगितलं.

दार लोटून धम्मदीप आत आला. तो तिच्या लॅबमधला. गाडी त्याची होती आणि तो दर रविवारी गाडीतच बसून राहायचा.

"उपासना, चल ना यार. दीडला हाय टाइड आहे. रोडवर पाणी आलं की अडकलो आपण." मग तिच्या खांद्यावरून त्याने वहीत पाहिलं, आणि तिने दोन वाक्यांत सांगितल्यावर त्याला हसू आवरेना. "म्हणजे तू मेंबर झालीस की! काकूंना फोन लावू का? त्यांनी तुझ्याकडून बावीस प्रतिज्ञा पाठ करून घेतल्या, आणि तू चर्चच्या हजेरीत!"

"गप रे. सात एंट्री चुकीच्या आहेत."

"असू दे ना. एकाने काय फरक पडतो?"

"एकानेच पडतोय."

तिने वहीची जुनी पानं उघडली. शंभर वर्षांपूर्वीची. शेवटच्या रकान्यात, शेऱ्याच्या, कुणी ना कुणी दर रविवारी दोन शब्द लिहून ठेवले होते. 'पाणी दुसऱ्या पायरीपर्यंत.' 'दक्षिणेचा वारा, छप्पर गळतंय.' एके ठिकाणी, 'बर्फ. हजेरी एक. मी स्वतः.' या शेऱ्यांवरून खाडीचं पाणी कसं चढत गेलं याचा आलेख काढायचं तिने ठरवलं होतं. भिंतींच्या ओलीचं मूळ त्यातच सापडणार होतं.

"एकटा आला तर या जुन्या लोकांनी एकच लिहिला," ती एल्वुडना म्हणाली. "म्हणून पाण्याबद्दलही माझा यांच्यावर विश्वास बसला. आता मी काय खरं धरू?"

एल्वुडनी ती ओळ वाचली. मग म्हणाले, "तुझी वही दाखव."

तिने दाखवली. तारीख, तापमान, भिंतीतली ओल, आत असलेली माणसं. माणसांच्या रकान्यात सातही रविवारी बारा होतं.

"हा बारावा कोण?" एल्वुडनी विचारलं.

"माणसांच्या श्वासाने हवेतली ओल वाढते. त्यामुळे आत जितकी माणसं असतील तितकी..." ती थांबली.

"पुढे?"

"मीही श्वास घेतेच की."

धम्मदीप पुन्हा हसला. एल्वुड हसले नाहीत. त्यांनी पेन वहीवर आडवं ठेवलं. "इथे आतापर्यंत कुणाला खोडलेलं नाही. माझ्याने व्हायचं नाही ते. तुला खोडायचं असेल तर खोड."

कॉफीपाशी सगळे वहीकडे वळले होते. पाद्रीबाई झगा हातात धरून तशाच उभ्या होत्या.

उपासनाने पेन घेतलं. बारा तसंच राहू दिलं. शेऱ्याच्या रकान्यात बारीक, सुटं अक्षर काढत तिने लिहिलं, 'यांपैकी एक बौद्ध. प्रार्थना केली नाही. उत्तरेच्या भिंतीची ओल मोजली.' मग पान उलटून मागच्या सहा रविवारांपुढेही तेच लिहिलं.

"हे वाचून बिशप काय करेल, कळतंय ना तुला?" धम्मदीप मराठीत पुटपुटला.

"नाही कळत. पण खरं काय ते त्याला वाचायला मिळेल."

एल्वुडनी चष्मा लावला. वही स्वतःकडे ओढली आणि एकेका ओळीवरून बोट फिरवत सातही शेरे वाचले. चौथ्यापाशी बोट थांबलं. ती ओळ त्यांनी पुन्हा वाचली.

"ही एंट्री चुकलीय."

"कुठली?"

"त्या रविवारी तू उत्तरेला नव्हतीस. माझ्या बाकामागे होतीस. दक्षिणेच्या भिंतीशी."

तिने आपली वही पाहिली. दक्षिणच होती.

एल्वुडनी पेन तिच्यापुढे धरलं. "नीट लिही," ते म्हणाले.