तिसरी रेघ

"ही तिसरी रेघ पुसा," परीक्षक म्हणाले, "मग विमान खुशाल कपाटात ठेवा."

बत्तिशीवाला हातातलं खोकं तसंच धरून उभा राहिला. दंतवैद्यांना कवळ्या करून देणं हा त्याचा धंदा, म्हणून सगळे त्याला बत्तिशीवाला म्हणत. खोटा दात खऱ्याच्या शेजारी बसवला तरी ओळखू येऊ नये, असा त्याचा हात होता. तोच हात त्याने वर्षभर या वीतभर लढाऊ विमानावर चालवला होता. पंखांचे सांधे घासून बेमालूम केले, काचांवर चिकटपट्टी लावून फवाऱ्याने रंगाचे पातळ थर दिले, इंजिनाखाली तेलाचे ओघळ काढले, चाकांना धावपट्टीची धूळसुद्धा लावली. बायको म्हणायची, "आपल्या घरालाही भिंती आहेत बरं का. त्यांनाही कधी रंग लावा."

युद्धात त्याचे वडील हेच विमान चालवत. आता परीक्षकांनी तपासून होकार दिला की ही प्रतिकृती फ्लाइंग क्लबच्या नव्या दालनात कायमची राहणार होती, खाली वडिलांच्या नावाची पाटी. उद्या उद्घाटनाला त्याची म्हातारी आई चाकांच्या खुर्चीतून येणार होती. नवऱ्याच्या नावावर तीन विमानं लागलेली बघायची आणि मग डोळे मिटायचे, एवढंच तिचं मागणं होतं.

शत्रूचं विमान पाडलं की मेकॅनिकने कॉकपिटखाली एक पांढरी रेघ ओढायची, हा तळावरचा रिवाज. घरात त्या काळचा एकच फोटो होता. वडील विमानाला टेकून उभे, खांद्याशेजारी दोन रेघा आणि तिसरीच्या जागी नुसता डाग. त्या डागावरून घरात किती संताप शिजला होता, ते शेजाऱ्यांनाही पाठ होतं. आई म्हणायची, "तिसरं पाडलं त्यांनी. उतरल्या उतरल्या मला फोन केला होता, हसत होते नुसते. मग कुणाच्या तरी पोटात दुखलं, आणि दोनच राहिली."

वडील मात्र यावर कधी चकार शब्द बोलले नाहीत. युद्ध संपलं आणि त्यांनी विमानाकडे पाठ फिरवली. पदक ट्रंकेच्या तळाशी गेलं. जन्मभर त्यांनी बस चालवली. एवढा अपमान गिळलेल्या माणसाने दुसरं काय करायचं?

"रेघ होती," बत्तिशीवाल्याने फोटो पुढे केला. "कुणीतरी वरून रंग फासलाय. अशी लपवाछपवी ओळखणं हाच माझा धंदा आहे."

परीक्षकांनी फोटोकडे पाहिलंच नाही. "तो रंग तुमच्या वडिलांनीच लावला. स्वतः ब्रश मागून घेतला."

"गेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपतं," बत्तिशीवाला म्हणाला. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. "स्वतःचा पराक्रम कोण स्वतः पुसतो?"

परीक्षक खिडकीपाशी गेले. काठी टेकत, डावा पाय ओढत. ती चाल पाहिली आणि बत्तिशीवाल्याला लहानपणचं दार आठवलं. दर वर्षी असाच एक पाहुणा यायचा. तो फाटकाशी दिसला की वडील मागच्या दाराने निघून जायचे आणि आई उंबऱ्यातूनच त्याची बोळवण करायची. तो कोण, असं विचारलं तर म्हणायची, "यांच्याच तुकडीतला. दोनच पाडली, अशी साक्ष देणारा."

"तुम्ही आमच्याकडे यायचात," तो म्हणाला.

"दर वर्षी. त्यांनी एकदाही भेट दिली नाही."

"का द्यावी? साक्ष तुमचीच होती ना?"

"माझीच."

चोर तो चोर, वर शिरजोर. दालनातली मांडामांड करणारी माणसं आता कामं सोडून बघत होती, आणि बत्तिशीवाल्याला तेच हवं होतं.

"एका जिवंत माणसाचं श्रेय तुम्ही खाल्लंत," त्याने आवाज चढवला. "त्यांना आयुष्यातून उठवलंत. मग दाराशी येऊन कसली माफी मागत होतात? आणि आज इथे परीक्षक म्हणून बसून पुन्हा तेच. उद्या माझ्या आईच्या तोंडावर सांगाल हे?"

"नाही सांगणार," परीक्षक म्हणाले. "म्हणूनच तुम्हाला आज एकट्याला बोलावलं. आणि मी माफी मागायला येत नव्हतो."

"मग काय मिरवायला येत होतात?"

"राग नाही, एवढं सांगायला."

"राग? तुम्हाला?" बत्तिशीवाल्याला हसूच आलं. घर लुटायचं आणि वर घरमालकावर राग नाही म्हणायचं. असला निगरगट्टपणा त्याने जन्मात पाहिला नव्हता. त्याने विमान खोक्यातून काढलं आणि दोन्ही हातांनी परीक्षकांच्या समोर धरलं. "सरळ विचारतो, सरळ सांगा. तिसरं विमान पडलं की नाही?"

"पडलं."

"माझ्या वडिलांनीच पाडलं?"

"त्यांनीच. ढगातून बाहेर आले आणि पहिल्याच फैरीत. त्यांच्यासारखा नेम आमच्यात कुणाचाच नव्हता."

"ऐकलंत सगळ्यांनी?" बत्तिशीवाला मागे वळून म्हणाला. मग पुन्हा परीक्षकांकडे फिरला. "मग रेघ का नको?"

परीक्षकांनी मांडामांड करणाऱ्या माणसांकडे पाहिलं. ती बाहेर जातील म्हणून ते जरा थांबले. कुणीच हललं नाही, तेव्हा त्यांनी आवाज शक्य तितका खाली आणला.

"कारण ते विमान मी चालवत होतो."